हनुवटीची कमान



या सदरातून आपण सहसा घरातील नित्याच्या खरेदीविषयी बोलतो. विम्याचा कागद कसा वाचावा, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र घेताना काय विचारावे, दागिन्यांच्या पावत्या कशा जपाव्यात, असे ते विषय असतात. आजचा विषय थोडा वेगळा आहे. डोंगरवाटांवर सायकल चालवताना घालायचे फुल फेस हेल्मेट, म्हणजे डोक्याबरोबर हनुवटीही झाकणारे शिरस्त्राण, कसे निवडावे हे आज सांगायचे आहे. ही वस्तू आपल्यापैकी फार थोड्यांच्या घरी असेल. परंतु पुण्याच्या टेकड्यांवर जाड टायरच्या सायकली घेऊन जाणारी मुले-मुली आता आपल्याही घरांत वाढत आहेत, आणि त्यांच्या साधनांचे पैसे मोजणाऱ्या आम्हा मोठ्यांना त्या साधनांतले काही कळत नाही. मलाही कळत नव्हते. जे कळले ते एका अपघातानंतर.

गेल्या मार्गशीर्षातील रविवार होता. आमचा पुतण्या, वय वर्षे एकोणीस, दोन मित्रांबरोबर पहाटेच वेताळ टेकडीवर गेला होता. उतरताना सुट्या मुरमावर सायकल घसरली, पुढचे चाक एका उभ्या दगडाला अडले, आणि सायकल जागच्या जागी थांबून तो मात्र हँडलवरून पुढे फेकला जाऊन तोंडावर आपटला. मी रुग्णालयात पोहोचलो तेव्हा हनुवटीला सहा टाके पडले होते, वरचे दोन दात तुटले होते आणि जबड्याच्या हाडाला बारीक चीर गेली होती. डोक्यावर सायकलचे साधे, उघड्या तोंडाचे हेल्मेट होते. त्याचा पुढचा काठ चेपून आतून तडकला होता. डॉक्टरांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "कपाळ याने वाचवले. हनुवटी वाचवणे याच्या हातात नव्हते."

त्या रात्री घरात जे व्हायचे तेच झाले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ती सायकल उद्याच्या उद्या विकून टाका. मला तिचे तोंडही पाहायचे नाही." थोरल्या बंधूंनी मान डोलावली. पुतण्याला बोलता येत नव्हते, त्याने फोनवर चार शब्द लिहून आमच्यासमोर धरले, "हेल्मेट घातलं होतं मी." अण्णा, म्हणजे आमचे वडील, इतका वेळ गप्प होते. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "फिरोजाबादचा माल उतरवताना खोका उघडून पेला हातात धरल्याखेरीज तू पावतीवर सही करत नाहीस. मुलाच्या डोक्यावर जे बसवलेस, ते कधी उघडून पाहिलेस का?"

ते हेल्मेट त्याच्या वाढदिवसाला मीच आणून दिले होते. रंग पाहिला होता, सवलत पाहिली होती. दुसरे काहीही पाहिले नव्हते. सायकल विकायची की ठेवायची हा निर्णय त्या रात्री झाला नाही. महिनाभराने, जबडा सांधल्यावर बोलायचे ठरले. आणि तोवर या मालाची पारख करून घरासमोर मांडण्याचे काम अण्णांनी माझ्यावर टाकले. त्या महिन्यात जे शिकलो ते पुढे देत आहे.

प्रथम माझी पहिली चूक सांगतो, कारण ती अनेक घरांत होण्यासारखी आहे. मला वाटले, यात शोधायचे काय आहे? माझे स्कूटरवर घालायचे फुल फेस हेल्मेट घरात आहेच, आयएसआयची खूणही त्यावर आहे. तेच त्याने घालावे. पुतण्याने काही न बोलता ते माझ्याच डोक्यावर चढवले, काच खाली ओढली आणि जिन्याकडे बोट दाखवले. आमचे घर चौथ्या मजल्यावर आहे. तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचता पोहोचता काचेवर वाफ धरली, श्वास गुदमरू लागला आणि मानेवर घामाच्या धारा लागल्या. पेढीवरच्या काट्यावर ते ठेवले तर वजन एक किलो चारशे ग्रॅम भरले.

फरक तेव्हा उमगला. मोटारसायकलस्वार बसून असतो, त्याच्यासाठी इंजिन कष्ट करते. सायकलस्वाराचे इंजिन म्हणजे त्याचीच छाती. वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, म्हणजे पायथ्याच्या शहराहून दोन-अडीचशे मीटर उंच आहे. परदेशातील काही सायकल-उद्यानांत पाळण्यात बसून वर जाता येते. आपल्याकडे जेवढे उतरायचे तेवढे आधी पायांनी चढावे लागते. जाड, बंद आणि जड हेल्मेट घालून हा चढ चढणारा मुलगा अर्ध्या वाटेवर ते काढून हँडलला अडकवणार, आणि उतरताना ते तिथेच राहण्याचा संभव फार. शिवाय कोवळ्या मानेला ते वजन उतारावरील प्रत्येक हिसक्यात जाणवते.

खुणेचेही तसेच. आयएसआयच्या खुणेमागे आयएस ४१५१ हे मानक असते आणि ते दुचाकी मोटारवाहनांच्या स्वारांसाठी आहे. १ जून २०२१ पासून अशा स्वारांसाठी ही खूण नसलेले हेल्मेट देशात विकता येत नाही. आपल्या पुणेकरांचे आणि हेल्मेटसक्तीचे नाते जगजाहीर आहे. २०१९च्या जानेवारीत कारवाई सुरू झाली तेव्हा निघालेले मोर्चे अनेकांना आठवत असतील. पण ती सारी चर्चा मोटारवाहनांची होती. सायकलस्वाराला आपल्याकडे कायदा हेल्मेट घालायला सांगत नाही. त्यामुळे इथे पोलीस आपली काळजी घेणार नाही. ती आपण घ्यायची. आणि उलट बाजूही ध्यानात असू द्या: सायकलचे हेल्मेट, मग ते कितीही महाग असो, स्कूटरवर घालून निघू नये. ते त्या वेगासाठी घडवलेलेच नसते.

आता हेल्मेट काम कसे करते ते पाहू. आपल्या व्यापारी वाचकांना हे समजावणे सोपे आहे, कारण हेल्मेटच्या आत असतो तो आपल्या गोदामातला थर्माकोलच. आमच्या लहानपणी काचसामान पेंढ्यात बांधून येई, पुढे थर्माकोल आला. खोका खाली पडला की थर्माकोल चेपतो आणि त्या चेपण्यात ठोक्याचा जोर संपतो, पेला वाचतो. हेल्मेटमध्ये हेच घडते. बाहेरचे कठीण कवच दगडाचा टोकदार मार पसरवून टाकते आणि आतला थर दबत जाऊन, डोके एका क्षणात थांबण्याऐवजी किंचित अधिक काळात थांबते. तो किंचित काळच कवटीला आणि मेंदूला तारतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. म्हणून एका जोरदार आपटीनंतर हेल्मेट बाद समजावे, वरून ते नवेकोरे दिसत असले तरी. नातलगाने दिलेले, वापरलेले हेल्मेट घेऊ नये, ते याच कारणाने. त्याचा इतिहास आपल्याला ठाऊक नसतो. दोन, डोके आणि थर यांच्यात मोकळी जागा असेल तर सारा हिशेब चुकतो. सैल खोक्यात ठेवलेला पेला थर्माकोल असूनही फुटतोच.

साध्या हेल्मेटात हा थर कपाळ, माथा आणि मागची बाजू झाकतो. रस्त्यावर, कॅम्पपासून कोथरूडपर्यंत जाण्या-येण्यासाठी किंवा सपाट मातीच्या वाटांसाठी ते पुरेसे आहे, आणि ज्यांची मुले तेवढेच चालवतात त्यांनी फुल फेसवर खर्च करण्याचे कारण नाही. तीव्र उतारावर मात्र पडण्याची रीत बदलते. पुढचे चाक अडले की शरीर पुढे झेपावते, हात हँडलवरून सुटायला वेळ मिळत नाही, आणि जमिनीला प्रथम भेटतो तो चेहरा. १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या मरिन परगण्यात काही तरुणांनी जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडण्याच्या शर्यती सुरू केल्या. उतारावर मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, म्हणून त्या शर्यतीला 'रीपॅक' नाव पडले. या खेळाचा जन्मच असा उतारावर झाला आहे. आज जागतिक सायकल संघटनेच्या डाउनहिल शर्यतीत, आणि त्या वाटेवरील सरावातही, फुल फेस हेल्मेट सक्तीचे आहे. चढ-उतारांच्या लांब क्रॉस-कंट्री शर्यतीत मात्र स्पर्धक उघड्या तोंडाचे हलके हेल्मेट घालतात. म्हणजे जाणकारांनीही सर्वांना एकच माप लावलेले नाही.

बाजारात डोंगरी सायकलसाठी हनुवटी झाकणारे तीन प्रकार मिळतात. पहिला हलक्या फुल फेसचा. वजन साधारण साडेसहाशे ते साडेआठशे ग्रॅम, भरपूर झरोके, हनुवटीची कमान तोंडापासून थोडी पुढे, जेणेकरून चढताना धाप लागली तरी हवा मिळावी. दुसरा खास डाउनहिलचा. तो किलोच्या आसपास किंवा त्याहून जड, अधिक जाड, झरोके कमी. मोठ्या उड्या आणि शर्यती यांसाठी. तिसऱ्या प्रकारात कमान काढता-घालता येते. चढताना ती पाठपिशवीत ठेवायची, उतरण्यापूर्वी बसवायची. ऐकायला हा तिसरा प्रकार फार सोयीचा वाटतो, आणि अनेकांना तो लाभतोही. पण दोन प्रश्न विचारून मगच घ्यावा: कमान बसवल्यावर हेल्मेटने डाउनहिलचे मानक पार केले आहे काय, आणि आपला मुलगा प्रत्येक वेळी थांबून ती बसवील काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुकानदार देऊ शकत नाही.

वेताळ, हनुमान, तळजाई, बाणेर-पाषाण या आपल्या टेकड्यांवर, जिथे स्वतःच्या पायांनी चढायचे आणि मुरूम व काळ्या पाषाणाच्या वाटांनी उतरायचे असते, तिथे पहिला प्रकार मला सर्वांत योग्य वाटला. पुतण्याचेही मत तेच पडले, यात मला समाधान आहे.

आता येते खरी पारख. हेल्मेट हातात घेतल्यावर रंग पाहण्याआधी ते उलटे करा आणि आत चिकटवलेली चिठ्ठी वाचा. जसा दागिन्यावर हॉलमार्क, तसे हे. त्या चिठ्ठीवर तीनपैकी एक किंवा अधिक नावे आढळतील.

ईएन १०७८ हे युरोपचे मानक. ते सायकल, स्केटबोर्ड आणि चाकांचे बूट यांच्यासाठी एकत्र केलेले आहे. त्यात हेल्मेट सपाट लोखंडी ठोकळ्यावर सुमारे दीड मीटर उंचीवरून आपटून पाहतात. सीपीएससी हे अमेरिकेचे मानक. १९९९च्या मार्चपासून तयार झालेल्या, तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सायकल हेल्मेटला ते बंधनकारक आहे, आणि त्यात सपाट ठोकळ्यावरची उंची सुमारे दोन मीटर असते. या दोन्ही मानकांत हनुवटीच्या कमानीची चाचणी नसते. हे वाक्य मला महिनाभराच्या शोधातले सर्वांत मोलाचे वाटते. म्हणजे एखाद्या हेल्मेटला पुढे भक्कम दिसणारी कमान असेल, चिठ्ठीवर खरेखुरे प्रमाणपत्रही असेल, आणि तरीही ती कमान कोणी कधी ठोकून पाहिलेली नसेल.

ती ठोकून पाहणारे मानक आहे एएसटीएम एफ १९५२. ते डाउनहिल सायकलिंगसाठीच लिहिलेले आहे. त्यातील चाचण्या एकंदरीत अधिक कठोर आहेत, आणि फुल फेस असेल तर कमानीवर वजन टाकून ती तोंडाकडे किती दबते हेही मोजले जाते. तेव्हा फुल फेस घेताना माझा सल्ला एकच: चिठ्ठीवर एफ १९५२ हा आकडा शोधा. तो नसेल तर दुकानदाराला विचारा, कंपनीची माहिती पाहा. आणि तिथेही नसेल तर आपण हनुवटीच्या रक्षणाचे नव्हे, तर हनुवटीपुढच्या शोभेचे पैसे देत आहोत, असे समजा.

याच चिठ्ठीवर निर्मितीचा महिना आणि वर्षही असते. गोदामात दीर्घकाळ पडून राहिलेला माल सवलतीत निघतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. घाम, ऊन आणि वापर यांनी हेल्मेट झिजते. बहुतेक कंपन्या तीन ते पाच वर्षांनी ते बदलायला सांगतात. त्यामुळे आधीच जुने असलेले हेल्मेट स्वस्त मिळाले तरी हिशेबात महागच पडते.

विक्रेता आणखी एक शब्द उच्चारील: मिप्स. डोके जमिनीवर नेहमी सरळ आपटत नाही. बहुधा तिरके आपटते, आणि तेव्हा त्याला पीळ बसतो. मेंदूला हा पीळ फार बाधतो. स्टॉकहोमचे मेंदूशल्यविशारद हान्स फॉन होल्स्ट आणि तिथल्याच तंत्रविद्यापीठातील संशोधक पीटर हाल्डिन यांनी १९९०च्या दशकात या प्रश्नावर काम सुरू केले. त्यातून हेल्मेटच्या आत एक पातळ, सरकता थर बसवण्याची कल्पना निघाली. तिरक्या आपटीत हेल्मेट डोक्यावर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर सरकते आणि काही पीळ त्या सरकण्यात जिरतो. इतर कंपन्यांनीही याच हेतूने आपापल्या रचना काढल्या आहेत. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाची प्रयोगशाळा २०१८पासून सायकल हेल्मेटांना अशा तिरक्या ठोक्यांवरही तपासून तारे देते. आपण घेणार असलेले हेल्मेट त्या यादीत असले तर तारे जरूर पाहावेत. असा थर असणे चांगले. पण तो आहे म्हणून ढिले हेल्मेट घ्यावे, असे मात्र नाही.

यानंतर माप. शिंप्याची फीत घेऊन भुवयांच्या वर एक बोट, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो भाग सर्वांत बाहेर येतो तिथून फिरवा. आलेला आकडा त्या त्या कंपनीच्या तक्त्यात पाहा. एका कंपनीचे मध्यम माप दुसऱ्या कंपनीचे लहान असू शकते. आकडा ही केवळ सुरुवात आहे. डोके कोणाचे गोल असते, कोणाचे लांबट. म्हणून डोके बरोबर नेल्याशिवाय हेल्मेट घेऊ नये. मुलाला अचानक आनंद द्यावा म्हणून ते गुपचूप आणू नये. ती चूक मी करून बसलो आहे.

घालून पाहताना पुढील गोष्टी क्रमाने तपासा. हेल्मेट भुवयांच्या थोडे वर, सरळ बसले पाहिजे. मागे कलंडलेले नको. गालाच्या गाद्या गालांवर दाबून बसल्या पाहिजेत, इतक्या की चावल्यासारखे केले तर गालांची आतली बाजू दातांना किंचित लागावी. पट्टा न लावता डोके हलवले तर हेल्मेट डोक्याबरोबर हलावे, डोक्यावर फिरू नये. हाताने ते डावी-उजवीकडे ढकलले तर कपाळाची कातडीही त्याच्याबरोबर ओढली जावी. मग पट्टा लावा आणि मागून कडा धरून पुढे उलटवण्याचा प्रयत्न करा. ते निघून येता कामा नये. कमान तळहाताने तोंडाकडे दाबा. ती हनुवटीला किंवा ओठांना टेकता कामा नये. शेवटी ते घालून दुकानात पंधरा मिनिटे बसून राहा. कपाळावर किंवा कानामागे एकाच जागी टोचू लागले, तर घरी गेल्यावर ते अधिकच टोचेल आणि मुलगा ते घालणे सोडेल. चष्मा असेल तर चष्म्यासह, धूळ अडवणारा गॉगल वापरणार असेल तर त्या गॉगलसह पाहा.

इथे आपल्या घरांतील एक जुनी सवय सांगितलीच पाहिजे. शाळेचा गणवेश आपण एक माप मोठा घेतो, चपला बोटभर मोठ्या घेतो, 'वाढत्या अंगाचा आहे' म्हणून. काटकसर चांगलीच, पण हेल्मेटच्या बाबतीत ती उलटते. सैल हेल्मेट पहिल्याच आपटीत कपाळावरून मागे सरकते, किंवा कमानीसकट खाली येऊन नाकावर बसते. हेल्मेट आजच्या डोक्याचे घ्यावे. डोके वाढले तर नवे घ्यावे. दोघा भावंडांत एक हेल्मेट हेही चालणार नाही.

पट्ट्याच्या बक्कलांचे प्रकार दोन-तीन आहेत. दुहेरी कडीतून ओवायचा पट्टा सर्वांत भरवशाचा, पण त्याची सवय लागते. चुंबकी बक्कल हातमोजे घालूनही लावता येते. दोन्ही चालतील. न लावलेला पट्टा मात्र कोणताच चालणार नाही. आतील अस्तर आणि पट्टे बहुधा कृत्रिम कापडाचे असतात, त्यामुळे चामडे टाळणाऱ्या घरांना इथे सहसा अडचण येत नाही. तरी खात्री करून घ्यावी. काही हेल्मेटांच्या गालगाद्या खाली ओढून आधी काढता येतात, म्हणजे अपघातानंतर हेल्मेट डोक्यावरून ओढताना मानेला हिसका बसत नाही. ही सोय असेल तर तिचे मोल जास्त समजा.

आणि ओघानेच सांगतो: कोणी पडलेले दिसले तर भर घालून त्याचे हेल्मेट काढायला धावू नका. शुद्ध हरपली असेल किंवा मान दुखत असेल, तर त्याला न हलवता डोके आणि मान स्थिर धरून १०८ला फोन करावा. श्वास अडला असेल तरच हेल्मेट काढावे. तेही दोघांनी मिळून, एकाने मान सांभाळत. पुतण्याच्या मित्रांनी त्याला उचलून उभे केले होते. त्यांचा हेतू चांगला होता, आणि आमचे दैव बलवत्तर होते.

निगा थोडीच लागते. गाद्या काढून साध्या साबणाने हाताने धुवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. कवच पुसायला रॉकेल, पेट्रोल, थिनर यांपैकी काहीही वापरू नये. त्याने थर्माकोल विरघळतो. चैत्र-वैशाखात बंद मोटारीत हेल्मेट ठेवून जाऊ नये.

किमतीविषयी आपल्या वाचकांना उत्सुकता असणार. चांगले फुल फेस हेल्मेट साध्या हेल्मेटच्या कितीतरी पट महाग असते, हे खरे आहे. प्रारंभी मीही तो आकडा पाहून कपाळाला हात लावला. मग दोन दातांचा आणि जबड्याचा खर्च वहीत मांडला होता तो पाहिला. तो हेल्मेटच्या किमतीहून अधिक होता, आणि त्यात मुलाने तीन आठवडे पेज पिऊन काढली ते दिवस धरलेले नव्हते. महागात महाग तेच उत्तम, असेही नाही. वरच्या किमतीत बहुतेक वेळा वजन कमी होते आणि रंग वाढतात. एफ १९५२ची चिठ्ठी, नेमके माप आणि सरकता थर या तीन गोष्टी जिथे पुऱ्या होतील, त्याच्यावरचा पैसा ही आपापली हौस.

एवढे सगळे सांगून झाल्यावर महिन्याअखेरीस मी घरासमोर माझा अहवाल मांडला. वहिनींनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "हे घातल्यावर याला काही होणार नाही, असे तुम्ही लिहून देता का?"

मी लिहून दिले नाही. कोणीही देऊ नये. हेल्मेट कवटी वाचवते, हनुवटी वाचवते. पण मेंदूला बसणारा प्रत्येक धक्का ते थोपवू शकत नाही, आणि मान, खांदा, मनगट यांना तर त्याचा उपयोगच नाही. त्याहून मोठा धोका असा की, तोंड झाकले गेले की मनही निर्धास्त होते आणि मुले अधिक वेगाने उतरू लागतात. ज्या सावधपणामुळे हेल्मेटची गरज क्वचित पडली असती, तो सावधपणा हेल्मेटच घालवून बसते. शिवाय वेताळ टेकडी ही शर्यतीची वाट नव्हे. तिथे पहाटे आपल्यातलेच कितीतरी वडीलधारे फिरायला येतात. मोर असतात, कुत्री असतात, वळणापलीकडे काठी टेकत येणारे आजोबा असतात. मुलाने फुल फेस घातले म्हणून त्यांच्या डोक्यावर काही चढत नाही.

म्हणून अण्णांनी निर्णय दिला तो हेल्मेटसकट चार अटींचा होता. सायकल राहील. टेकडीवर एकट्याने जायचे नाही. चालणारे माणूस दिसले की वेग टाकायचा, गरज पडल्यास उतरायचे. पावसात शेवाळलेल्या पाषाणावरून उतरायचे नाही. आणि पट्टा घरातूनच लावून निघायचे. पुतण्याने चारही अटी मान्य केल्या. वहिनींनी त्या मान्य केल्या असे म्हणता येणार नाही. पण सायकल विकायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

हेल्मेट घ्यायला आम्ही तिघे गेलो, पुतण्या, मी आणि वहिनी. चिठ्ठी मी वाचली, माप दुकानदाराने घेतले. पंधरा मिनिटे घालून बसायची वेळ आली तेव्हा वहिनी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि घड्याळाकडे पाहत राहिल्या. मध्येच उठून त्यांनी दोन्ही हातांनी कमान धरली, पुढे-मागे जोर लावून पाहिला आणि दुकानदाराला म्हणाल्या, "याच्याहून एक माप लहान दाखवा." दुकानदाराने दाखवले. त्यांचेच बरोबर होते. आम्ही घेतले ते त्या मापाचे.

फाल्गुनातल्या एका रविवारी तो पुन्हा टेकडीवर गेला. साडेनऊला परत आला, तोपर्यंत घरात कोणी मोकळेपणाने बोलले नाही. जुने, तडकलेले हेल्मेट अण्णांनी टाकू दिलेले नाही. ते पेढीवर काट्याशेजारी ठेवलेले आहे. गिऱ्हाइके विचारतात, तेव्हा अण्णा ते उलटे करून आतली चिठ्ठी दाखवतात.